बारा तास धरायचे

आमच्या घरात राग आकड्यांत मोजला जायचा. लग्न होऊन पुण्यात वारज्याला आले तेव्हा मला वाटलं, ही थट्टा असेल. तिसऱ्याच दिवशी माझ्या हातून भाजी करपली, सासूबाई एक शब्द न बोलता कढई घासायला बसल्या आणि नवऱ्यानं मला बाजूला ओढून हळूच सांगितलं, "साडेतीन. आज सिनेमाचा विषय काढू नकोस." तेव्हा कळलं की थट्टा नाही.

ही सासऱ्यांची कृपा. सासरे सर्जेराव, म्हणजे आमचे आबा, हवामान खात्यातून निवृत्त झालेले. उपग्रहानं काढलेलं समुद्राचं चित्र बघायचं, ढगांचा पीळ किती घट्ट बसलाय ते मापायचं आणि त्यावरून वादळाला आकडा द्यायचा, यात त्यांचा जन्म गेला. दीडला नुसता कमी दाब, लक्ष ठेवायचं. अडीचला चक्रीवादळ म्हणायचं, मग त्याला नाव मिळतं. साडेतीनला तीव्र, चारच्या पुढे अतितीव्र. आणि साडेसहाला पोचलं की महाचक्रीवादळ, ज्याला आबा नुसतं 'सुपर' म्हणत. आठाच्या वर आकडाच नाही.

"आठाच्या वर काय असतं, आबा?" मी एकदा विचारलं होतं.

"देव. पण तो आमच्या खात्यात नव्हता."

हीच पट्टी त्यांनी घरी आणली आणि सासूबाईंना, मुक्ताबाईंना, लावली. पट्टीबरोबर एक नियमही आला. वादळ उतरताना दिसलं तरी लगेच त्याचा आकडा उतरवायचा नाही. बारा तास आधीचाच धरायचा. "चित्रात ढग विसकटलेले दिसतात गं," आबा सांगायचे, "पण खाली समुद्रावर वारा तेवढाच असतो. आपण उतरलो हे वाऱ्याला उशिरा कळतं." घरात याचा अर्थ असा, की भांडणानंतर आई हसली म्हणून कुणी हुरळून जायचं नाही. माझा नवरा पृथ्वीराज शाळेत असताना एकदा आईचं हसू बघून सहलीचं विचारायला गेला आणि पाठीत लाटणं खाऊन आला. नियम त्याला तेव्हापासून पाठ होता. बाकी वडिलांच्या विद्येची तो टिंगलच करायचा. "उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, झाला तुमचा अंदाज," असं म्हणायचा. आबा हसायचे, पण त्यांना ते लागायचं. मला दिसायचं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात पृथ्वीराज मस्कतला होता. तिथल्या एका बँकेत त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायचं काम होतं. मीही मे महिन्यात जाणार होते. हिंजवडीतल्या माझ्या कंपनीनं रजा मंजूर केली, बॅग भरून झाली आणि मला कावीळ झाली.

कावीळ झालेल्या माणसाची दुपार वेगळीच असते. झोप लागत नाही आणि जागही येत नाही. मी हॉलमध्ये गार फरशीवर चटई टाकून पडायची. खाली सगळं वारजं एक ते चार झोपलेलं असायचं, वॉचमनसकट. आमची इमारत आबांच्या वडिलांच्या गव्हाच्या वावरात उभी आहे. जमीन बिल्डरला दिली, त्यात हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. सासूबाई अजून पार्किंगला 'वावर'च म्हणतात. डोळे मिटले की मला वाटायचं, खाली तो गहू अजून उभा आहे, वाऱ्यानं डुलतोय, आणि आमचं घर त्याच्यावर तरंगतंय. मी हे कुणाला सांगितलं नाही. आबांनी त्यालाही आकडा दिला असता.

जूनच्या सुरुवातीला अरबी समुद्रात वादळ आलं.

आबांना इंटरनेट मीच शिकवलं होतं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी रोज सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट आणि मग हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर बसणं, हे ड्युटीसारखं चालू होतं. त्यांच्याकडे पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा होता, त्यावर काळ्या शाईनं एक वळण काढलेलं, आत जाताना घट्ट होत जाणारं. तो ते मॉनिटरवरच्या ढगांवर ठेवायचे, फिरवायचे, सरकवायचे, पुटपुटायचे. समुद्रात काही नसलं तर तो आंबोळीवर ठेवून बघायचे.

"अडीच," ते शनिवारी म्हणाले. "नाव मिळालं. गोनू."

"हे कसलं नाव?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मालदीवनं दिलंय. झावळीची पिशवी, म्हणे."

"मग काय भरून आणती बघू."

आबांनी मान हलवली. अरबी समुद्र त्यांच्या मते आळशी. बंगालच्या उपसागराची गोष्ट वेगळी. ओरिसाच्या वादळाला त्यांनी सात दिला होता, आकडा बरोबर आला होता आणि त्यानंतर दोन दिवस ते जेवले नव्हते. पण अरबी समुद्र? त्याला उभ्या आयुष्यात त्यांनी साडेसहा दिला नव्हता. कुणीच दिला नव्हता.

सोमवारी दुपारी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. प्लास्टिक ठेवलं, उचललं, परत ठेवलं. मग उठून उभे राहिले आणि मलाच म्हणाले, "सुपर."

मी चटईवरून उठून बघायला गेले. निळ्या पाण्यावर पांढरा शुभ्र गोल आणि बरोबर मधे एक स्वच्छ भोक. भीती वाटायला हवी होती. पण मला तो झोपलेल्या पृथ्वीराजच्या डोक्यासारखा दिसला, पाठमोरा, मधे भोवरा. पहाटे जाग आली की मी त्याच भोवऱ्याकडे बघत पडायची. इतकी ओळख वाटली की मी पडद्यावर बोट टेकवलं.

"हात नको लावू," आबा म्हणाले. "ओमानकडं चाललंय ते."

तेव्हा मात्र मी बोट झटकन मागे घेतलं.

मंगळवारी दुपारी पृथ्वीराजचा फोन आला. आबांनी स्पीकर लावला, कारण सासूबाई रिसीव्हरला कान लावून कुणाला ऐकू देत नाहीत.

"आबा, ऐका ना. कंपनी आम्हाला संध्याकाळी एका शाळेत शिफ्ट करतेय, टेकडीवर. बॅग भरून झालीय. चाळीस माणसं, दोन बाथरूम. माझा फ्लॅट ग्राउंड फ्लोअरला आहे, पण समुद्रापासून लांब. मागे एक कोरडा ओढा आहे फक्त. जायलाच पाहिजे का? तुमचा आकडा काय म्हणतो?"

तुमचा आकडा काय म्हणतो, असं पोरानं जन्मात पहिल्यांदा विचारलं होतं, टिंगल न करता. आबांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. पहिला नंबर आलेल्या पोराचा होतो तसा.

त्यांनी घाईघाईनं प्लास्टिक पडद्यावर धरलं. "उतरतंय!" ते म्हणाले. "मधलं भोक भरत आलंय. वाळवंटाची कोरडी हवा आत शिरली. आकडा आज सकाळपर्यंत साडेसहा होता, आता पाच. तुझ्याकडं पोचेपर्यंत चाराच्या आत. कशाला त्या गर्दीत जातोस? घरातच बस. खिडकीपासून लांब, बस्स."

"नक्की?"

"अरे, आयुष्यभर हेच केलंय मी."

"ओके, आबा. भाग्या, उसाचा रस पी," हे मला, आणि फोन कट झाला.

सासूबाईंनी देवाला साखर ठेवली आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. मला तूप बंद होतं, तरी तो वास घेत मी परत आडवी झाले. आबा येरझाऱ्या घालत होते, आज त्यांचं पाऊल हलकं होतं. मला गुंगी आली. गव्हावर वारा आला, घर हललं, आणि त्या अर्धवट झोपेत कुणीतरी माझ्या कानात आबांच्याच आवाजात म्हणालं, आपण उतरलो हे वाऱ्याला उशिरा कळतं.

मी ताडकन उठून बसले.

"आबा, बारा तास?"

ते जागच्या जागी थांबले. त्यांना आधीच आठवलं होतं की माझ्या बोलण्यानं आठवलं, मला माहीत नाही. त्यांनी फोन उचलला आणि मस्कतचा नंबर फिरवला. या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत, ती बाई म्हणाली. ती बाई मग संध्याकाळपर्यंत तेच म्हणत राहिली. पृथ्वीराजचा मोबाइल बंद होता. रवा करपला, आणि या खेपेला साडेतीन कुणी म्हटलं नाही.

बुधवारी टीव्हीवर मस्कत दिसलं. वारा होता, पण माडाची झाडं उभी होती. आबांचा आकडा तसा फार चुकला नव्हता. वादळ किनाऱ्याला येईपर्यंत खरंच उतरलं होतं. पण जाता जाता त्यानं डोंगरांवर असा पाऊस ओतला की शहरातले सगळे कोरडे ओढे एकाच दिवशी जागे झाले. रस्त्यांवरून तपकिरी पाणी धावत होतं आणि त्यात मोटारी एकमेकींना धडकत, सावकाश गिरक्या घेत चालल्या होत्या. निवेदक मागे बोलत होता ते मला ऐकूच येत नव्हतं. मला फक्त एक वाक्य ऐकू येत होतं. मागे एक कोरडा ओढा आहे फक्त.

मी खात्याचं मंगळवारचं पत्रक उघडलं. त्यात खालच्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं, अतिवृष्टीचा इशारा. आमच्या घरात खालच्या ओळीपर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

माझा राग पट्टीच्या बाहेर गेला. मी सासऱ्यांना उलट बोलणारी सून नाही, नांदेडला माझ्या आईनं तसं वाढवलेलं नाही. पण त्या दिवशी मी बोलले.

"घरात बस म्हणालात! तो निघाला होता, आबा. बॅग भरून निघाला होता. त्यानं पहिल्यांदा तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्हाला एवढा आनंद झाला की तुम्ही स्वतःचा नियम मोडलात. त्याला काही झालं ना, तर मी हे प्लास्टिक चुलीत घालेन आणि तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

आबांनी कॉम्प्युटर बंद केला. सासूबाईंनी मला गप्प केलं नाही, आणि ते फार भयंकर होतं. एरवी दुधावरून पाऊण तास बोलणाऱ्या मुक्ताबाई देवघरासमोर भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर उपडे टाकून. त्यांना काय आकडा द्यावा हे कुणाला सुचलं नसतं.

संध्याकाळी आबा गॅलरीत उभे होते. तिथून मुठा दिसते, इमारतींच्या मधून, बोटभर. मी पाणी प्यायला उठले तेव्हा माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले.

"एकसष्ट साली पानशेत फुटलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा. खडकवासल्याकडनं पाणी आलं ते असं, भिंत चालत यावी तसं. आमच्या दोन म्हशी आणि गोठा, दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत गेलं. वाऱ्यानं काय केलं नव्हतं त्या दिवशी. सगळं पाण्यानं केलं." मग ते म्हणाले, "आणि मी जन्मभर वारा मोजला. माझ्या आकड्यात पाणी नाहीच हाय, पोरी. ते मला कळायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी मला."

वाईट वाटलं मला. पण राग गेला नाही. मी पेला विसळला आणि आत गेले.

गुरुवारचा दिवस कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. पृथ्वीराजच्या कंपनीतली एक मुलगी दर थोड्या वेळानं फोन करून सांगायची की शाळेतल्या लोकांशीसुद्धा संपर्क होत नाहीये, मॅडम, टॉवर बंद आहेत. मी पडून राहायची. डोळे मिटले की खालच्या वावरात पाणी भरलेलं असायचं. गव्हाच्या ओंब्या पाण्याखाली डुलायच्या आणि पृथ्वीराज पाठमोरा पोहत वर यायचा, पहिला मजला, दुसरा मजला. मला त्याचा भोवरा दिसायचा. मी त्याला हाक मारायची, पण तो वळायच्या आत मला जाग यायची. आबांनी कॉम्प्युटर लावलाच नाही. वादळ इराणकडे गेल्याचं त्यांना शेजारच्यांनी सांगितलं, तर ते नुसतं "हो का" म्हणाले.

शुक्रवारी दुपारी, सगळं वारजं झोपलेलं असताना, फोन वाजला. मी फरशीवरून उठेपर्यंत आबांनी उचलला होता. स्पीकरचं बटण मीच दाबलं.

"आबा? मी बोलतोय. ऐकू येतंय? मी ओके आहे."

सासूबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. मला रडू फुटलं आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"कुठं हाईस?" आबांनी विचारलं.

"शाळेतच आहे अजून. टेकडीवर. फोन आत्ता चालू झाला, मागे मोठी लाइन आहे, पटकन बोलतो. माझा फ्लॅट गेला, आबा. पाणी पंख्यापर्यंत आलं होतं. लॅपटॉप, पासपोर्ट सोडून सगळं गेलं."

"शाळेत?" आबा म्हणाले. "पण मी तर तुला घरात बस म्हणालो."

"हो ना. मी बॅग परत खोलली पण होती."

"मग?"

"मग काय, तुम्हीच म्हणालात ना, सुपर होतं आणि उतरायला लागलंय. मग बारा तास धरायचे ना आधीचेच? मी सुपर धरलं आणि बस पकडली. मला वाटलं, तुम्ही आई ऐकतेय म्हणून तसं बोलताय. आबा? हॅलो?"

आबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि ते गॅलरीत गेले.

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक उसाच्या रसाबद्दलच बोललो आम्ही. मग सासूबाईंनी फोन ओढून घेतला आणि तीन दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. "मुडद्या, एक फोन करता आला न्हाई तुला? टेकडीवर बसून काय करत हुतास, गोट्या खेळत हुतास? दोन घास खाल्लेस का? अंगावर कोरडं हाय का काही?" पाच तरी होता आकडा, आणि वाढत होता. इतकं गोड काही मी त्या घरात ऐकलं नव्हतं.

मी चहा केला आणि कप घेऊन गॅलरीत गेले. आबा नदीकडे बघत उभे होते. डोळे कोरडे होते.

"आबा, चहा. आणि माझा राग गेला."

"कधी गेला?"

"आत्ता. फोन आला तेव्हा."

त्यांनी कप घेतला नाही. "मग लगेच उतरवू नको," ते म्हणाले. "बारा तास धर."

"आता कशाला, आबा? सगळं छान झालं की."

"छान झालं ते त्याच्यामुळं. मी घाई केली, त्यानं नियम पाळला, म्हणून पोरगा हाय आज. तू पण पाळ. माझ्यावरचा राग तू इतक्या स्वस्तात सोडलास, तर मला ते सोसायचं नाही."

ते थट्टा करत नव्हते. मी चहा परत आत नेला.

मग मी धरला. रात्री ताट वाढलं, पण बोलले नाही. आबा मान खाली घालून जेवले, भाजी परत मागितली नाही, पाणी स्वतः उठून घेतलं. सासूबाई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. काय चाललंय हे त्यांना कळलं असावं, कारण त्या मधे पडल्या नाहीत. मी अंथरुणावर पडले तेव्हा खालचा गहू कोरडा होता.

सकाळी मी चहा ठेवला, तर आबा आधीच स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आंघोळ झालेली, शर्ट इस्त्रीचा. आत आले नाहीत.

"किती?" त्यांनी विचारलं.

"शून्य, आबा."

त्यांनी माझ्या हातून कप घेतला, ओट्याला टेकले, आणि मग कुठे ते रडले.